साठ सापडले, बाराशेंचे काय?

‘कर्करोग ओळखणारी नवी चाचणी ९२ टक्के अचूक’ असे आपण वाचतो, वर्गात सांगतो आणि पुढे जातो. मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी निघालेल्या शौचाच्या डीएनए चाचणीबाबत हा आकडा खरा आहे. आमचा आक्षेप आहे तो ‘अचूक’ या शब्दाला.

प्रथम चाचणीचे तत्त्व पाहू. डीएनए म्हणजे एक पुस्तक मानले, तर एकही अक्षर न बदलता काही पाने टाचणी लावून बंद करता येतात. सायटोसीन या अक्षराला मिथिल गट चिकटला की जनुकाचे असेच होऊ शकते. पेशींच्या वाढीला आवर घालणारी जनुके अशी मिटली, तर पेशी बेताल वाढू लागतात. या टाचण्या म्हणजे अधिजनुकीय खुणा. आतड्यातील गाठीच्या पेशी झडून शौचात उतरतात, म्हणून खुणा तेथे शोधता येतात. कल्पना सुंदर आहे, यात शंका नाही.

अमेरिकेत २०१४ साली मान्यता मिळालेली ‘कोलोगार्ड’ चाचणी एनडीआरजी४ व बीएमपी३ या जनुकांवरील अशा खुणा शोधत असे. पण तिच्यात केरास जनुकातील बदल आणि शौचातील रक्त यांचीही तपासणी होती. तेव्हा सारे श्रेय अधिजनुकीय खुणांना देणे बरोबर नाही. केवळ सेप्टिन९ जनुकाची खूण रक्तात शोधणाऱ्या चाचणीने त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे ४८ टक्केच कर्करोग ओळखले.

आता कोलोगार्डचे आकडे फळ्यावर मांडू. ५० ते ८४ वयाच्या ९,९८९ जणांपैकी ६५ जणांना कर्करोग होता. चाचणीने त्यांतील ६० ओळखले. हेच ते ९२ टक्के. शौचातील रक्त शोधणाऱ्या साध्या चाचणीने ४८ ओळखले. कर्करोगाआधीच्या गंभीर गाठी ७५७ जणांत होत्या. डीएनए चाचणीने त्यांतील ३२१ शोधल्या, साध्या चाचणीने १८०. येथेही नवी चाचणी सरस ठरली.

मात्र उरलेल्या ९,१६७ जणांना कर्करोगही नव्हता, गंभीर गाठही नव्हती. त्यांतील १,२३१ जणांना डीएनए चाचणीने ‘होय’ म्हटले. साध्या चाचणीने ४७२ जणांना. म्हणजे डीएनए चाचणीत ‘होय’ आलेल्या १,६१२ जणांपैकी प्रत्यक्ष कर्करोगी ६०, शंभरात चारही नाहीत. मथळ्यात हा आकडा येत नाही.

हीच चाचणी त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरसूल परिसरात आणली तर? भारतात हा रोग अमेरिकेपेक्षा बराच कमी आढळतो. उदाहरणापुरते हजारात एक रुग्ण धरू. दहा हजारांत दहा रुग्ण. नऊ सापडतील आणि सुमारे १,३४० निरोगी माणसांना धास्ती बसेल. त्या प्रत्येकाला कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने आतड्याची तपासणी, करावी लागेल. त्यासाठी नाशिक गाठायचे, मजुरी बुडवायची. ही सोय नसेल तर सापडलेल्या नऊ जणांनाही चाचणीचा उपयोग नाही.

चाचणीची खरी कसोटी आपल्याच राज्यात झालेली आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. तो २००९ साली प्रसिद्ध झाला. तेथे किती रुग्ण ओळखले एवढेच पाहिले नाही, मृत्यू किती घटले ते मोजले. एचपीव्ही चाचणीच्या एकाच फेरीने ते जवळपास निम्मे झाले, कारण चाचणीमागे उपचारांची व्यवस्था उभी होती.

आम्ही नव्या संशोधनाच्या विरोधात नाही. पण शिक्षकांनी टक्केवारी सांगताना ‘कशाचे टक्के?’ हेही विचारावे. आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांमार्फत घरोघर पोचावी. अशा चाचण्या लक्षणे नसलेल्यांसाठी असतात. शौचातून रक्त जात असेल तर मूळव्याध समजून ते अंगावर काढू नये, की एखाद्या नव्या चाचणीची वाट पाहू नये. सरळ डॉक्टरांना दाखवावे. त्यासाठी टाचण्या मोजाव्या लागत नाहीत.