माँ ब्लाँचं बिल

पुस्तकावर समीक्षा लिहिण्याचा मला काडीइतकाही अधिकार नाही. मी बी. कॉम. आहे, तोही सेकंड क्लास. गेली बावीस वर्षं बँकेत बसून लोकांच्या सह्या जुळवतो. या धंद्यात एक खोड मात्र लागते. कागद कुठलाही असो, नजर आधी आकड्यांवर जाते. लग्नपत्रिका हाती आली तरी मी मुहूर्ताच्या आधी 'कृपया आहेर आणू नये' ही ओळ शोधतो. तेव्हा आल्बर्ट स्मिथ या इंग्रज गृहस्थाचं 'द स्टोरी ऑफ माँ ब्लाँ' हे १८५३ सालचं पुस्तक मी त्यातल्या बिलापासून वाचायला घेतलं, याबद्दल रसिकांनी क्षमा करावी.

वाचायला निमित्त घडलं ते आमच्या सहलीचं. आमच्या शाखेतल्या एकाने चारही चाकं ओढणारी गाडी घेतली. गाडी घेतल्यापासून त्याला डांबरी रस्त्याचा तिटकारा आला. भंडारदऱ्याच्या पलीकडे, जिथे रस्ता संपतो तिथून पुढे जाऊन तंबू ठोकायचे, असा बेत ठरला. बरोबर नाशिककडच्या वाइनच्या तीन बाटल्या. हिशेबी माणूस म्हणून त्यांची जोखीम माझ्याकडे. मी जाणकारांना विचारलं. ते म्हणाले, बाटली आडवी ठेवा म्हणजे बूच ओलं राहतं. उन्हापासून, उष्णतेपासून जपा. आणि मुख्य म्हणजे हलू देऊ नका. बाळंतिणीलासुद्धा इतकी पथ्यं नसतात! मग आपल्याआधी हे कुणी निभावलंय का ते शोधताना हा स्मिथ सापडला.

स्मिथ शिक्षणाने डॉक्टर आणि पेशाने विनोदी लेखक. १८५१ च्या ऑगस्टमध्ये तो आणि आणखी तीन इंग्रज आजच्या फ्रान्समधल्या शामोनीहून माँ ब्लाँ चढायला निघाले. उंची ४,८०० मीटरच्या वर. बरोबर सोळा वाटाडे आणि वीसेक हमाल. शिधा हॉटेलातून घेतला. त्याचं ४५६ फ्रँकचं बिल स्मिथने पुस्तकात जसंच्या तसं छापलंय. साध्या वाइनच्या ६० बाटल्या, बोर्दोच्या ६, सेंट जॉर्जच्या १०, सेंट जाँच्या १५, कोन्याकच्या ३, शॅम्पेनच्या २. मांस-मटण निराळंच, कोंबड्या लहानमोठ्या मिळून ४६. पाव मात्र २० आणि लिंबं ६.

मी बेरीज केली. ९६ बाटल्या! चढणारे साहेब चार. चोवीस-चोवीस बाटल्या माणशी! हा डोंगर चढायला निघाला होता की उतरवायला, असा शेरा मी समासात मारूनही ठेवला. पण ऑडिटर घाईने शेरा मारतो तेव्हा बहुधा भाजक चुकलेला असतो. हमाल-वाटाडे धरून माणसं होतात चाळीस. म्हणजे माणशी अडीच बाटल्याही नाहीत, त्याही दोन दिवसांत. त्यातल्या साठ तर साध्या वाइनच्या. तिकडच्या कष्टकऱ्याला साधी वाइन म्हणजे आपल्याकडचा चहा. शेरा मी खोडला.

माझ्या मते हे बिल हे पुस्तकातलं सर्वांत सच्चं पान. पराक्रमाच्या पुस्तकांत निसर्ग असतो, निर्धार असतो, क्वचित देवही भेटतो. पण कोंबड्या किती नेल्या ते कुणी सांगत नाही. स्मिथ सांगतो. आणखी एक सांगतो. शिखरावर पोचल्यावर, जन्मभराची इच्छा पुरी झाल्यावर, तो इकडेतिकडे न बघता बर्फावर पडला आणि झोपला! असली फजिती जो स्वतः छापतो त्याच्या बाकीच्या आकड्यांवर मी डोळे मिटून सही करीन. लोकांनीही केली. १८५२ पासून सहा वर्षं लंडनमध्ये त्याने या चढाईचा रंगमंचावर कार्यक्रम केला आणि लंडनकरांनी तिकिटं काढून तो पाहिला.

आता दोष. काच धरून एका बाटलीचं वजन सव्वा किलो धरलं, तरी ९६ बाटल्यांचे १२० किलो होतात. हे ओझं डोंगरावर नेलं कुणीतरी पाठीवरून. बिल खाद्यपेयांचं, त्यामुळे त्यात पाठी नाहीत. हिशेबाच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. पण वाचताना डोळ्यांसमोर राहतात त्या बाटल्याच. वाहणारे वीसेक जण 'वीसेक' एवढेच राहतात. हा दोष मी तांबड्या शाईने लिहून ठेवला आणि सहलीला गेलो.

बाटल्या मी गोधडीत गुंडाळून आडव्या निजवल्या होत्या. गाव मागे पडल्यावर गाडी अशी उड्या मारू लागली की बाटल्यांपेक्षा आमचीच बुचं निघायची वेळ आली. गाडी थांबवून पाहतो तर तिन्हींना फिरकीचं झाकण. म्हणजे आडवी ठेवण्याचं पथ्य फुकट! पुढे किलोमीटरभरावर ओढ्यात चारही चाकं एकदम रुतली. चारही ओढतात ती अशी.

वरच्या पाड्यातून एक म्हातारे मामा आले. डोक्यावर चुंबळ ठेवून त्यांनी आमचं खोकं उचललं आणि दगडांतून असे चालत गेले, की माझ्या कॅशियरने मोजलेल्या नोटासुद्धा तेवढ्या स्थिर राहत नाहीत. तळ्याकाठी पोचल्यावर त्यांनी विचारलं, "थंड लागतंय का हे?" मग पोतं भिजवून बाटल्यांभोवती गुंडाळलं आणि वाऱ्याला सावलीत ठेवून दिलं. माठ ज्या युक्तीने पाणी गार करतो तीच. संध्याकाळी वाइन अशी निघाली की जाणकारांनी कान धरावेत. आम्ही मामांनाही पेला पुढे केला. त्यांनी गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावला आणि हसले.

पहाटे सूर्योदय बघायचा होता. मी झोपलो होतो. स्मिथशी माझं एवढं तरी जमलं.

परतल्यावर वर्गणीचा हिशेब लिहिला. डिझेल, तंबूचं भाडं, वाइन, कोंबडी, कांदे. खाली लिहिलं, 'किरकोळ : ₹ २००.' बेरीज जुळली. शेजारीच स्मिथचा कागद पडला होता, तांबड्या शाईचा.

मी 'किरकोळ' खोडलं आणि नाव लिहायला पेन टेकवलं. नाव विचारायचंच राहून गेलं होतं. 'मामा' एवढंच लिहिलं.