ग्रंथालयांतील व्याख्यान

ग्रंथकारानें ग्रंथालयांत यावें, वाचन व लेखन यांविषयीं चार शब्द सांगावे, आणि श्रोत्यांनीं टाळ्या वाजवून घरीं जावें, हा प्रकार आपल्याकडे आतां इतका रूढ झाला आहे कीं, त्याचें परीक्षण करावें असें कोणास वाटत नाहीं. नाटकाचें परीक्षण होतें, गाण्याच्या बैठकीचें होतें. व्याख्यानाचा मात्र नुसता वृत्तान्त येतो. वास्तविक व्याख्यान हीहि एक वाङ्मयकृतीच आहे, व तिचें बरेंवाईट ठरविण्यास कांहीं कसोटी असली पाहिजे. ती शोधण्यासाठीं आम्हीं नुकतेंच एक जुनें व्याख्यान पुन्हां काढून वाचलें.

ता. ६ डिसेंबर १८६४ रोजीं मँचेस्टरनजीक रशोम येथील सभागृहांत जॉन रस्किन बोलावयास उभा राहिला. प्रसंग ग्रंथालयाचाच होता. तेथील एका संस्थेच्या ग्रंथालयासाठीं निधि जमवावयाचा होता. मँचेस्टर म्हणजे कापसाचें शहर. अमेरिकेंतील यादवीमुळें त्या वर्षीं तेथील गिरण्यांस कापूस मिळेना, आणि त्याच कारणानें इकडे मुंबईस कापसाचें सोनें होत होतें. अशा व्यापारी श्रोत्यांपुढें रस्किननें विषय जाहीर केला तो ‘राजांचीं भांडारें’ हा! भांडारें म्हणजे पुस्तकें, हें त्यानें उभें राहिल्यावर सांगितलें. पुढें १८६५ सालीं दुसऱ्या एका व्याख्यानासह हें भाषण ‘सेसमी अँड लिलीज’ या नांवानें छापून निघालें. अलीबाबाच्या गोष्टींत ज्या तिळाचें नांव घेतलें कीं गुहेचें दार उघडतें, तोच हा सेसमी.

या भाषणांत पहिली नजरेंत भरणारी गोष्ट म्हणजे, आपण ग्रंथ कसे लिहिले यांतलें रस्किन एक अक्षरहि सांगत नाहीं. ‘मॉडर्न पेंटर्स’चे पांचहि खंड तोंपर्यंत पुरे झाले होते, नांव सर्वतोमुखीं झालें होतें, लेखनाच्या खटाटोपाच्या गोष्टी सांगितल्या असत्या तर श्रोते खूष झाले असते. त्याऐवजीं तो घटकेपुरतीं पुस्तकें आणि सर्वकाळचीं पुस्तकें असा भेद करतो, व दुसऱ्या प्रकारचीं वाचावयाचीं तर शब्द शब्द, किंबहुना अक्षर अक्षर पाहून वाचलीं पाहिजेत असें बजावतो. इतकें कोणीहि सांगेल. रस्किनचें वैशिष्ट्य हें कीं, तो एवढ्यावर न थांबतां सभेंतच मिल्टनचा एक उतारा वाचावयास घेतो.

‘लिसिडस’ ही मिल्टनची १६३७ सालची विलापिका. समुद्रांत बुडून मेलेल्या मित्राचा शोक करतां करतां कवि मध्येंच लोभी धर्मोपदेशकांवर तुटून पडतो. त्यानें त्यांस तोंडें म्हटलें आहे, आणि त्या तोंडांस आंधळेपण चिकटविलें आहे. तोंडास डोळे कोठले? घाईचा वाचक ही कवीची चूक समजेल, किंवा ‘काव्य आहे, चालावयाचेंच’ म्हणून पुढें जाईल. रस्किन पुढें जात नाहीं. ‘बिशप’ या शब्दाचा मूळ अर्थ पाहणारा, देखरेख करणारा. ‘पास्टर’ म्हणजे खाऊं घालणारा. पाहणाऱ्यानें आंधळें असावें याहून पहिल्या पदाची मोठी विटंबना नाहीं. आणि चारावयाचें सोडून स्वतःच खात सुटावें, निव्वळ तोंड होऊन बसावें, याहून दुसऱ्याची नाहीं. दोन्ही विटंबना जोडल्या कीं मिल्टनची ती विचित्र शब्दांची जोडी होते. चूक वाटलेल्या ठिकाणींच कवीनें आपला सगळा संताप सांठवून ठेविला होता, हें श्रोत्यांस समोर पाहावयास मिळतें.

आमच्या जुन्या शास्त्रीमंडळींस यांत नवल वाटलें नसतें. पदच्छेद, विग्रह, अन्वय करीत श्लोक लावण्याची रीत हीच. आणि कीर्तनकारहि एकच अभंग घेऊन रात्र जागवितो. म्हणजे सभेंत बसून एक उतारा बारकाईनें वाचणें हें आपल्या श्रोत्यांच्या अंगवळणीं पडलेलें होतें. ग्रंथालयांतील आधुनिक वक्त्यांनीं तें कां सोडलें, हें आम्हांस उमगत नाहीं.

व्याख्यान निर्दोष आहे असें नव्हे. शब्दांच्या व्युत्पत्तीवर रस्किनचा भर जरूरीपेक्षां जास्त आहे. ग्रीक मुळाक्षरें येत नसतील तर शिका, असें तो श्रोत्यांस खुशाल सांगतो. उत्तरार्धांत तर तो राष्ट्रावर आरोपांमागून आरोप ठेवीत सुटतो आणि सूर फटकारण्याचा होतो. ग्रंथांवर पैसे उधळणाऱ्यास लोक वेडा म्हणतात, घोड्यांवर उधळणाऱ्यास कोणी म्हणत नाहीं, हा टोला झकास आहे. पण टोल्यामागून टोले बसूं लागले कीं कान बधिर होतात. एक गोष्ट मात्र आम्ही या दोषांत धरीत नाहीं. लंडनमध्यें जुने जोडे दुरुस्त करणारा एक गरीब मनुष्य उपासमारीनें मेला, त्याच्या चौकशीचा वृत्तपत्रांतील मजकूर रस्किननें या भाषणांत घातला व पुस्तकांत तो तांबड्या शाईनें छापविला. विषयांतर म्हणून यास पुष्कळांनीं नाक मुरडावें. आम्हांस तर येथें त्याची वाचनपद्धति पुरी झालेली दिसते. मिल्टनचे दोन शब्द ज्यानें थांबून वाचले, त्यानें सकाळच्या वृत्तपत्रांतला तो रकानाहि थांबूनच वाचला.

या व्याख्यानाचा सर्वांत मार्मिक टीकाकार फ्रेंच निघाला. मार्सेल प्रूस्त यानें तें भाषांतरिलें. भाषांतर १९०६ सालीं प्रसिद्ध झालें, आणि त्याची वाचनावरील प्रस्तावना आदल्या वर्षीं एका मासिकांत आली होती. रस्किनचें म्हणणें, सद्ग्रंथ वाचणें म्हणजे आपल्या भोंवतालच्या माणसांहून थोर अशा माणसांशीं संभाषण करणें. प्रूस्त म्हणतो, छे! संभाषणांत मन विखुरतें. वाचनांत दुसऱ्याचा विचार मिळतो, पण आपण एकटेच असतों व आपली बुद्धि आपल्यापाशींच राहते. ग्रंथकाराचें जेथें संपतें तेथें वाचकाचें सुरू होतें. पुस्तक उंबरठ्यापर्यंत नेतें, आंत आपणच जावयाचें.

आमच्या मतें हा आक्षेप रस्किनच्या सिद्धान्तास लागू पडतो, त्याच्या कृतीस नाहीं. व्याख्यान हें वाचन नव्हे, व प्रूस्तचा एकान्त सभागृहांत मिळणें नाहीं, हें खरेंच. परंतु एक मनुष्य दोन शब्दांपाशीं किती वेळ थांबूं शकतो, हें दुसऱ्यानें थांबून दाखविल्याखेरीज पुष्कळांस कळतच नाहीं. तेवढें दाखविणें व्यासपीठावरून शक्य आहे.

आपल्याकडील चित्र यापुढें ठेवून पाहावें. १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनीं, ग्रंथालयाचें दालन भरतें. शाल-श्रीफळ होतें, परिचय होतो, आणि पाहुणा ‘मी कसा घडलों’ हें सांगूं लागतो. लिहावयास कितव्या वर्षीं लागलों, पहिलें पुस्तक कोणीं नाकारलें, कोणता पुरस्कार हुकला! लेखकाबद्दल आदर असणाऱ्या श्रोत्यांस यांत गोडी वाटते, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण तासाभरांत एकहि पुस्तक उघडलें जात नाहीं. आणि पुष्कळ ठिकाणीं कपाटें त्या सायंकाळीं कुलूपबंदच असतात, कारण ग्रंथपाल चहाच्या व्यवस्थेंत गुंतलेला असतो. पाहुणा वक्तृत्वांत कच्चा असला तरी आमची तक्रार नाहीं. १८५२ सालीं मँचेस्टरचें फुकट ग्रंथालय उघडलें तेव्हां डिकन्स उत्तम बोलला, आणि थॅकरेसारखा कादंबरीकार भाषण अर्ध्यावर टाकून खालीं बसला. त्यामुळें त्याच्या कादंबऱ्या उण्या झाल्या नाहींत. हातांत पुस्तक घेऊन एक परिच्छेद सावकाश वाचावयास वक्तृत्व लागत नाहीं.

ज्यांस रस्किनचें हें व्याख्यान वाचावेंसें वाटेल त्यांनीं पहिल्यानें मिल्टनवरील पानें पाहावीं, उपदेशाचा भाग मागाहून. फ्रेंच येत असल्यास प्रूस्तची प्रत घ्यावी. तींत पानापानाच्या तळाशीं त्याच्या टीपा आहेत. कोठें तो रस्किनला मान डोलावतो, कोठें भांडतो, आणि कांहीं पानांवर तर टीपांनींच बरीचशी जागा अडविली आहे.