फटींचे रसग्रहण

नाटकांची परीक्षणं लिहिणाऱ्या माणसाला समाजात फारसा मान नसतो, पण त्याचं मत मात्र कुणीही, कशावरही, फुकटात मागू शकतो. आंब्याच्या पेटीपासून भाच्याला सांगून आलेल्या स्थळापर्यंत सगळ्यांवर मी आजवर अभिप्राय दिलेले आहेत. तरीही त्या गुरुवारी छावणीच्या बाजारातून मेथीच्या दोन जुड्या घेऊन मी परतत होतो, आणि सुभेदारसाहेबांनी मला फाटकाशी अडवून, "जरा आत या, फटी बघायच्यात," असं फर्मावलं, तेव्हा मी चपापलो. भिंतीच्या फटी गवंड्याला दाखवाव्यात, दाताच्या फटी डॉक्टरला. माझा फटींशी संबंध एवढाच, की बालनाट्याच्या तालमीत कापडी पडद्याच्या फटीतून मी एकदा प्रेक्षक मोजले होते. अकरा निघाले.

"मोटारीच्या फटी," सुभेदारसाहेब म्हणाले. "तुम्ही पास म्हणालात तर चाचांचे उरलेले पैसे आज देतो. नाही म्हणालात तर नाही."

आता आली का पंचाईत! नाटक पाडलं तर नट फार तर महिनाभर नमस्कार टाळतो. इथं माझ्या एका वाक्यावर एका सत्तरीच्या डेंटरची सहा महिन्यांची मजुरी टांगलेली. चाचा तिथंच लिंबाखाली स्टुलावर बसून बशीतला चहा फुंकत होते. त्यांनी माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं पाहणारे नाटककार मी पुष्कळ पाहिलेत.

मोटार म्हणजे स्टॅण्डर्ड हेराल्ड, दोन दारांची. सुभेदारसाहेबांचे सासरे छावणीत डॉक्टर होते, त्यांनी ती घेतली. त्यांच्यामागं ती वीस वर्षं याच लिंबाखाली उभी होती आणि तिच्या डिकीत मांजरांच्या पाच पिढ्या नांदल्या. सुभेदारसाहेब हिला 'स्पोर्ट्स कार' म्हणतात. मी एकदा हसलो, तर त्यांनी मला उभ्यानं पाऊण तास वंशावळ ऐकवली. ती अशी : इंग्लंडात 1959 साली ट्रायम्फ हेराल्ड निघाली, तिची आखणी ट्यूरिनच्या मिकेलोत्ती यांची. याच हेराल्डची चॅसी आखूड करून, त्याच मिकेलोत्तींच्या आखणीची ट्रायम्फ स्पिटफायर 1962 साली निघाली, ती मात्र अस्सल दोन जागांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. हेराल्ड 1961 पासून मद्रासला स्टॅण्डर्ड मोटर कंपनीत बनू लागली. तेव्हा नात्यानं ही स्पिटफायरची थोरली बहीण. धाकटी सिनेमात गेली म्हणून थोरलीला नटी म्हणावं का, हा प्रश्न मी गिळून टाकला. सुभेदारसाहेब माजी सैनिक आहेत आणि अजून रोज सकाळी दंड काढतात.

पण फटींचं प्रकरण याच वंशावळीतून सुरू होतं. झालं असं, की मोटारींची धडं बनवणारा फिशर अँड लडलो नावाचा मोठा कारखाना 1953 साली प्रतिस्पर्धी बी.एम.सी.नं विकत घेतला. स्टॅण्डर्ड-ट्रायम्फवाल्यांना अख्खं धड एकसंध बनवून देणारं कुणी उरलं नाही. मग त्यांनी जुनी वाट धरली. खाली वेगळी चॅसी, आणि वर तुकड्यातुकड्यांचं धड. पुढचा तुकडा एकीकडं बनायचा, मागचा दुसरीकडं, आणि सगळे आणून नटबोल्टांनी आवळायचे. आपल्या वेरूळच्या कैलासाचं बरोबर उलटं. कैलास अखंड खडकातून कोरून काढलेला, त्याला जोडच नाही, तर फट कुठली? हेराल्ड म्हणजे जोडच जोड. लग्नाच्या पंगतीत वधूपक्ष, वरपक्ष, आचारी आणि बँडवाले एकाच रांगेत बसवावेत तसं हिचं धड आहे. कोण पुढं सरकेल आणि कोण मागं रेलेल, नेम नाही.

सुभेदारसाहेबांना हा प्रकार सहन होण्यासारखा नव्हता. त्यांच्या मते रांग म्हणजे रांग. पहिल्या दिवशी ते चाचांच्या मागं उभे राहून मोटारीला 'दाहिने सज'ची ऑर्डर द्यायचेच काय ते बाकी होते.

चाचांनी मात्र दोन महिने दारांना हातच लावला नाही. "पहले चॅसी, साब. दरवाजा बाद में. गडबड नक्को." खांबच वाकडा असेल तर दाराला शिकवून काय उपयोग, हे त्यांचं म्हणणं. त्यांनी सुतळी घेऊन चॅसीच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत आणि उलट अशी फुली मापली. दोन्ही मापं सारखी येईनात तोवर गॅसवेल्डिंगचा भाता चालू. गंजून भाकरीसारखे फुगलेले आडवे हात कापून नवे लावले. हेराल्डमध्ये दाराखालची पट्टी नुसती शोभेची असते, भार चॅसीवर. स्पिटफायरमध्ये तीच पट्टी भार उचलते. एवढं कळल्यावर मला थोरल्या बहिणीबद्दल पहिल्यांदा आदर वाटला. कुटुंबाचा भार थोरलीच्या हाडांवर असतो, दागिन्यांवर नसतो.

मग धडाचे तुकडे बसवले. दार बिजागरीवर हलवून फार तर गुंजभर फरक पडतो. खरी फट बदलते ती धड आणि चॅसी यांच्यामध्ये पत्र्याच्या चकत्या सरकवून. एक चकती मागं घातली की दाराची वरची फट मिटते, पुढं घातली की उघडते. चाचांच्या खिशात तंबाखूच्या डबीशेजारी चकत्यांची दुसरी डबी असे. एकदा त्यांनी चुकून चकती तोंडात टाकल्याचंही मी पाहिलं आहे.

याच सुमारास तो पोत्यांचा प्रसंग घडला. मोकळ्या मोटारीत फटी अगदी रेषेत आल्या. सुभेदारसाहेब खुशीत आत बसले आणि डाव्या दाराची वरची फट मिटली! इंजिन जागेवर, मोटार चाकांवर उभी आणि माणसं आत असली पाहिजेत, तरच माप खरं, असं चाचा पहिल्यापासून सांगत होते. म्हणून ज्वारीची दोन पोती आणून पुढच्या सीटांवर बसवली. पण दोन्ही पोती सारख्या वजनाची, आणि सुभेदारसाहेब व वहिनी तशी नाहीत. (कोण जड, ते मी लिहिणार नाही. मला छावणीत राहायचंय.) शेवटी एका दुपारी नवराबायको स्वतः मोटारीत बसले, बोल्ट निम्मे ढिले करून चाचा खाली शिरले, आणि वरून हुकूम ऐकू येत राहिले, "साब, हिलो नक्को! बाई, चाय बाद में!" तासभर दोघं फोटोला बसल्यासारखी समोर बघत होती. वहिनी नंतर म्हणाल्या की, लग्नानंतर इतका वेळ हे एका जागी माझ्याशेजारी पहिल्यांदाच बसले.

असो. तर गुरुवारी माझ्यापुढं आलेली कलाकृती ही. आधी तिचं परीक्षण एका दुसऱ्या समीक्षकानं केलेलं होतं. सुभेदारसाहेबांचा भाचा शेंद्र्याला कामाला आहे, जिथं 2001 पासून स्कोडा गाड्या जुळवल्या जातात. तो फिलर गेज घेऊन आला आणि ठिकठिकाणी खडूनं आकडे लिहून गेला : 4, 4.5, 6, 7. सातवर त्यानं दोन फुल्या मारल्या होत्या. "काका, आमच्याकडं हे लाइनवरून पुढंच जाणार नाही." मला बीबीच्या मकबऱ्याची आठवण झाली. बिचारा सतराव्या शतकापासून उभा आहे, पण येणारा प्रत्येक पाहुणा आधी आग्र्याचा ताज काढतो आणि मग याला नापास करतो. यंत्रानं दाबलेल्या पत्र्याची फूटपट्टी हातोडीनं घडवलेल्या पत्र्याला लावणं म्हणजे आमच्या गल्लीतल्या गणपतीच्या नाटकाला लंडनच्या प्रकाशयोजनेवरून झोडपणं.

पण म्हणून 'जुनी आहे, चालायचंच' हे माफीपत्रही मी देणार नव्हतो. त्या माफीपत्रावर मराठी रंगभूमीची कित्येक वाईट नाटकं तरली आहेत. मी मेथी खाली ठेवली, चष्मा पुसला आणि हात फिरवायला लागलो.

उजवी बाजू अप्रतिम. फट रुंद आहे की अरुंद, हे डोळा फारसं बघत नाही. वरपासून खालपर्यंत सारखी आहे का, एवढंच बघतो. दोन वाक्यांमधल्या विरामासारखं आहे हे. विराम मोठा असला तरी चालतो, मध्येच ढिला पडला की प्रेक्षक खोकायला लागतात. उजव्या दाराचा विराम एकसारखा होता. शिवाय दोन्ही पत्रे एका पातळीत. डोळे मिटून हात फिरवला तर बोट कुठं अडखळलं नाही. दाराची पुढची कड केसभर आत घेतलेली, म्हणजे वारा शिट्टी वाजवणार नाही. रंगाचे थर चढल्यावर फट थोडी मिटते, म्हणून पत्र्यातच ती जराशी जास्त ठेवलेली. नवं रबर बसवूनही दार एका हातानं लागलं.

बॉनेट मात्र फसलं होतं. हेराल्डचं बॉनेट मडगार्डांसकट अख्खं पुढं उलटतं, मगरीनं जबडा उघडावा तसं. ते मिटल्यावर डावीकडं दाराशी चिकटत होतं आणि उजवीकडं त्यात माझी करंगळी जात होती. "चाचा, हे चालणार नाही," मी म्हणालो. चाचांनी बशी खाली ठेवली. सुभेदारसाहेबांच्या चेहऱ्यावर, पैसे वाचल्याचा नव्हे, पण आपण बरोबर होतो याचा आनंद उमटला. तो मला आवडला नाही.

"और?" चाचा म्हणाले.

और म्हणजे ते सात. डावं दार, मागची फट, वर चार आणि खाली सात. मी वाकून पाहिलं. पुट्टी भरून ते तासाभरात चार करता आलं असतं, मला काय, भाच्याच्या गेजलाही कळलं नसतं. पहिल्या खड्ड्याला पुट्टी तडकली असती, पण तोवर पैसे खिशात. चाचांनी ते केलं नव्हतं. का, असं विचारलं, तर ते वहिनींकडं बघून गप्प बसले.

वहिनीच बोलल्या. "मीच नको म्हणाले. दादा मला कॉन्व्हेंटात सोडायचे ना, तेव्हापासून ते दार खाली उतरलेलंय. मी लोंबकळायची त्याला. सरळ करायचं तर अख्खा मागचा भाग उचलायला लागतो म्हणाले चाचा. म्हटलं, राहू द्या."

सुभेदारसाहेबांना हे ठाऊक नव्हतं. सहा महिने ते त्या सातवरून चाचांना फैलावर घेत होते, आणि चाचा बाईंचं नाव न घेता ऐकून घेत होते. साहेब काही क्षण लिंबाकडं बघत राहिले.

मी निकाल दिला : बॉनेट नापास, डावं दार पास, बाकी पहिल्या वर्गात. चाचांनी पाना उचलला. बॉनेट टेकतं ते रबरी शंकू त्यांनी आत-बाहेर फिरवले, पुढची बिजागरी एका बाजूनं सैल करून पोटानं ढकलली, पुन्हा आवळली, पुन्हा सैल केली. माझ्या मेथीची एक जुडी तेवढ्यात शेजारच्या शेळीनं संपवली. दिवेलागणीला करंगळी जाईना.

सुभेदारसाहेबांनी पैसे मोजून दिले, वर शंभराच्या दोन नोटा ठेवल्या आणि चाचांकडं न बघता म्हणाले, "सातबद्दल." मग आम्ही चौघं पडेगावपर्यंत चक्कर मारून आलो. चढताना वहिनींनी डावं दार सवयीनं जरा वर उचललं आणि मग ओढलं.