पल्ल्यातले जग

हेल्गेनच्या किल्ल्याखालच्या गुहेत एक अस्वल झोपलेले असते. वर सगळे गाव जळते आहे. ज्या ड्रॅगनच्या येण्यामुळे आपली मान जल्लादाच्या कुऱ्हाडीखालून सुटली, तो कुठेतरी जवळच आहे. अशा घाईत सोबतचा माणूस आपल्याला थांबवतो आणि दबक्या आवाजात दोन वाटा सुचवतो : अस्वलाला न उठवता कडेकडेने निघून जायचे, नाहीतर त्याचे धनुष्य घेऊन नशीब अजमावायचे. ‘द एल्डर स्क्रोल्स ५ : स्कायरिम’ या गेममधला हा अगदी सुरुवातीचा प्रसंग. तोवर तलवारी, कुऱ्हाडी, ढाली हाती लागलेल्या असतात आणि त्या धावपळीत वापरूनही झालेल्या असतात. धनुष्य मात्र शांततेत हाती येते, आणि येताना ‘खाली वाक, पाय जपून टाक’ ही सूचना घेऊन येते. पुढे शेकडो तास ज्या खेळात रमायचे, त्याची सगळी बीजे या एका गुहेत आहेत.

बेथेस्डा गेम स्टुडिओजने टॉड हॉवर्ड यांच्या दिग्दर्शनाखाली केलेला हा गेम ११ नोव्हेंबर २०११ रोजी आला. त्याआधीच्या ‘मॉरोविंड’ (२००२) आणि ‘ऑब्लिव्हियन’ (२००६) या भागांत खेळाडूला सुरुवातीलाच आपला वर्ग ठरवावा लागे : योद्धा, मांत्रिक, चोर, तिरंदाज. ‘स्कायरिम’ने ती पाटीच काढून टाकली. दहा वंशांपैकी एक निवडायचा, चेहरा घडवायचा आणि चालू लागायचे. अठरा कौशल्ये आहेत. बहुतेकांची सुरुवात १५ पासून होते, वंशानुसार काहींत थोडी भर पडते. बाण मारत राहिलात तर तिरंदाजी वाढते, दबकत राहिलात तर दबकणे. आपण काय करत आलो, त्याचीच बेरीज म्हणजे आपले पात्र. म्हणून इथला तिरंदाज उभा राहतो तो सवयीतून, आणि ती सवय लागते कशी हे बघण्यातच खरा रस आहे.

मी बोस्मर निवडतो, म्हणजे वनवासी एल्फ. तिरंदाजीत त्यांना दहा गुण जादा मिळतात. दबकणे, हलके चिलखत, किमया अशा पाच कौशल्यांत पाच-पाच. आकडे चांगलेच आहेत, पण मला ओढ आहे ती त्यांच्या कथेची. या लोकांची मायभूमी व्हॅलनवुड, आणि तिथल्या झाडापानाला इजा करायची नाही असा त्यांचा जुना करार. जगातले सर्वोत्तम तिरंदाज म्हणून ज्यांचे नाव, त्यांना स्वतःच्या रानातली फांदी तोडून धनुष्य करता येत नाही. हाडांचे करायचे, नाहीतर बाहेरून आलेल्या लाकडाचे. हेल्गेनमधून सुटल्यावर पहिले गाव लागते ते रिव्हरवुड. तिथे फेंडाल नावाचा बोस्मर भेटतो. तिरंदाजीचे पहिले धडे त्याच्याकडूनच घेता येतात, आणि हा पोटासाठी गावच्या लाकडाच्या गिरणीत कामाला आहे. करार व्हॅलनवुडपुरताच असल्यामुळे त्याने काही मोडलेले नाही. तरीही करवतीजवळ उभा असलेला तो एल्फ पाहिला की परमुलखात येऊन पोट भरणाऱ्या माणसाचे सगळे जिणे समोर येते. गेम यावर चकार शब्द बोलत नाही.

रिव्हरवुडच्या वाटेवरच तीन रक्षकशिळा उभ्या आहेत : योद्धा, मांत्रिक आणि चोर. ज्या शिळेला हात लावाल, त्या गटाची कौशल्ये २० टक्के लवकर वाढतात, आणि एका वेळी एकाच शिळेचा आशीर्वाद मिळतो. तिरंदाजापुढचा पहिला खरा पेच हा. कारण गेमने तिरंदाजी ठेवली आहे योद्ध्याच्या नक्षत्रात, आणि दबकणे, हलके चिलखत, किमया ही तिची सख्खी भावंडे चोराच्या नक्षत्रात. हे पात्र जन्मापासून दोन घरांत वाटलेले आहे. मी चोराची शिळा निवडतो. बाण लागत गेले की तिरंदाजी आपल्या गतीने वाढतेच. दबकण्याला मात्र मदत लागते.

प्रत्येक नव्या लेव्हलला एक पर्क मिळतो, म्हणजे कौशल्याच्या नक्षत्रातल्या एका ताऱ्याची खास क्षमता, शिवाय आरोग्य, जादूशक्ती किंवा दम यांपैकी एकात दहा गुण. तिरंदाजीच्या नक्षत्रात पहिला तारा ओव्हरड्रॉचा. त्याच्या पाच पायऱ्या चढल्या की धनुष्याचा मारा दुप्पट होतो, आणि बहुतेक जण तिकडेच धाव घेतात. मला त्यापुढचे दोन तारे अधिक मोलाचे वाटतात. ईगल आयने नेम धरताना दूरचे जवळ दिसते आणि स्टेडी हँडने त्या क्षणापुरता काळ मंदावतो. मात्र डोळा असा रोखून धरला की दम संपत जातो. पाहण्याला किंमत पडते, ही किती मार्मिक योजना आहे! म्हणून माझ्या तिरंदाजाचे गुण मी दमात घालतो आणि आरोग्याला बेताचेच देतो. आरोग्याची फार गरज पडू लागली, तर जागा चुकीची निवडली असे समजावे.

आता ब्लीक फॉल्स बॅरो. डोंगरावरचे हे जुने नॉर्ड थडगे जवळपास प्रत्येक खेळाडू सुरुवातीलाच पाहतो. आत भिंतींतल्या खणांत ड्रॉगर, म्हणजे अर्धवट जिवंत प्रेते, झोपलेली असतात. जमिनीवर तेल सांडलेले आणि त्यावर दिवा टांगलेला. तलवारबाज इथे शिरतो, प्रेते उठतात, झुंज होते, तो पुढे जातो. माझी तिरंदाज उंबऱ्याशी थांबते. पडद्याच्या मधोमध एक डोळा मिटलेला आहे; कुणाला चाहूल लागली की तो किलकिला होतो, सापडलात की सताड उघडतो. ती आधी खण मोजते. कोणत्या खणात प्रेत नुसतेच पडले आहे आणि कोणते उठणार, याचा अंदाज घेते. मग दिवा दिसतो, दिव्याखालचे तेल दिसते. प्रेतावर बाण मारायचाच नाही. उठलेली प्रेते तेलात येऊ द्यायची आणि दिवा पाडायचा. झाडावरच्या पक्ष्याचा फक्त डोळा पाहणारा अर्जुन आपल्या मनात तिरंदाजीचा आदर्श म्हणून बसलेला आहे. स्कायरिममध्ये त्याच्या नजरेने चालत नाही. इथे झाड, फांदी, पाने, सावली, परतीची वाट, सगळे दिसल्याशिवाय दोरी ओढू नये.

या गेमच्या चाहत्यांमध्ये एक गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. मांत्रिक व्हायचे ठरवा नाहीतर दोन हातांची कुऱ्हाड चालवणारा वीर, पन्नासेक तासांनी तुम्ही कुठल्यातरी खडकामागे धनुष्य घेऊन दबकलेले असता. लपून मारलेला बाण फार जबर लागतो, असे त्याचे कारण सांगितले जाते. ते मला अपुरे वाटते. लपून मारलेल्या बाणाचा मारा दुप्पट होतो, डेडली एम हा पर्क घेतल्यावर तिप्पट. पण दबक्या पावलांनी जवळ जाऊन मारलेला खंजीर, योग्य पर्क असेल तर, पंधरापट लागतो. आकड्यांसाठीच खेळायचे तर सगळ्यांनी खंजीर घेतला असता.

लोक धनुष्याकडे वळतात त्याचे कारण या गेमच्या भूगोलात आहे. स्कायरिमचे वैभव म्हणजे तिथला विस्तार. दूरचा डोंगर दिसतो आणि तिथवर चालत जाता येते. दरीपलीकडच्या बुरुजावर फिरणारा पहारेकरी ठिपक्याएवढा दिसतो आणि तो ठिपका खराच माणूस असतो. तलवारीला हे सगळे अंतर फक्त ओलांडायचे असते. धनुष्य हाती असले की त्याच अंतराला अर्थ येतो. बाण सरळ रेषेत जात नाही, खाली झुकतो. चालत्या माणसाच्या पुढे नेम धरावा लागतो. बाण सुटल्यापासून लागेपर्यंत जो थोडा वेळ जातो, त्यात आपल्या हातात काहीच नसते. इतक्या कष्टाने उभारलेला तो विस्तार अनुभवायचे सर्वांत पुरेपूर साधन धनुष्यच आहे. म्हणूनच २०१२च्या एका अपडेटने आणलेली शेवटच्या बाणाची दृश्ये, ज्यांत कॅमेरा आपल्याला सोडून बाणामागे धावतो, देखणी असूनही मला खटकतात. कॅमेरा धावला की नेम लागणार हे आधीच कळते, आणि मधला तो थरार जातो.

दुसरी उणीव मोठी आहे. बाण लागून जखमी झालेला दरोडेखोर काही वेळ शोधाशोध करतो आणि मग भास झाला असेल म्हणत पुन्हा शेकोटीशी जाऊन बसतो. शेजारी जोडीदाराचे प्रेत पडलेले असते. जे जग इतके मन लावून रचले, त्यातल्या माणसांना भीतीची आठवण इतकी थोडी असावी याचे मला दर वेळी वाईट वाटते. त्यांना भीती लक्षात राहिली असती, तर दबकण्याची किंमतही वाढली असती.

माणसे लिहिण्यात मात्र या गेमने तिरंदाजांना भरभरून दिले आहे. फॉकरीथच्या परिसरात बर्फाळ डोंगरावर आंगी नावाची बाई एकटी राहते. तिच्या घरच्यांचा खून झाला, तिने सूड घेतला, आणि आता ती माणसांत परतू शकत नाही. ती आपल्याला सरावाचे बाण देते, समोरची लक्ष्ये दाखवते आणि शेजारी उभी राहून नेमबाजी शिकवते. पैसे घेत नाही. बोलायला कुणीतरी आले, एवढेच तिला पुरते.

आणि कार्लिया. रिफ्टनच्या चोरसंघाचा प्रमुख मर्सर फ्रे आपल्याला तिच्या मागावर घेऊन जातो. पंचवीस वर्षांपूर्वी तिने आधीचा प्रमुख गॅलस याला मारले, असे त्याचे सांगणे. स्नो व्हेल सँक्टम या थडग्याच्या शेवटच्या दालनात पाऊल टाकताच अंधारातून बाण येतो आणि आपण कोसळतो. एवढा वेळ आपण ज्यांना लपून मारत आलो, त्यांच्या जागी आता आपण आहोत : कोण, कुठून, काहीच कळलेले नाही. हलता येत नाही. फक्त दोघांचे बोलणे ऐकू येते. त्यातून उलगडते की गॅलसला मारले मर्सरनेच. कार्लिया अदृश्य होते आणि मर्सर आपल्यावर तलवार चालवतो. शुद्ध येते तेव्हा कार्लिया शेजारी असते. बाणाला शरीर लुळे पाडणारे विष होते, मर्सरला जिवंत पकडण्यासाठी वर्षभर खपून केलेले, एकाच बाणापुरते. मर्सरवर नेम मिळेना, म्हणून तिने ऐन क्षणी तो आपल्यावर सोडला. त्या विषाने हृदयाची गती मंदावली, रक्त कमी वाहिले आणि आपण वाचलो.

आपल्या भात्यात या वेळेपर्यंत शेकडो बाण असतात. गेममध्ये बाणाला वजन नाही. लोखंडी बाण ८ मारा करतो, डेड्रिक २४, आणि दोन्ही कितीही बाळगता येतात. या सुकाळात एका बाणासाठी वर्ष घालवणारी बाई लेखकांनी आणून उभी केली. पुढे ती स्वतःचे धनुष्य आपल्याला देते. ‘डॉनगार्ड’ या पुरवणी भागातले ऑरिएलचे धनुष्य याहून थोर, सूर्यालाही काळवंडून टाकणारे, पण माझ्या लेखी ते देवाचे आहे आणि हे माणसाचे.

तिरंदाजी १०० वर पोचली की नक्षत्रातला शेवटचा तारा खुला होतो, बुल्सआय. तो घेतला की कुठलाही बाण १५ टक्के वेळा समोरच्याला लुळे पाडतो. म्हणजे कार्लियाचा बाण, पण योगायोगावर सोपवलेला. तो पर्क मी घेत नाही. त्याऐवजी किमयेतला पर्क घेतो. मॉर्थलच्या दलदलीत कॅनिस रूट मिळते, गुहांमध्ये इम्प स्टूल नावाची अळंबी. दोन्ही एकत्र केले की तेच विष तयार होते, आणि एकदा लावले की एकाच बाणाला पुरते.