सोसण्याचा अर्थ

माझी भाची बेळगावहून धारवाडला नोकरीला जाते. गाडीत ऐकलेल्या एका पॉडकास्टमध्ये शिफारस झाली म्हणून तिने व्हिक्टर फ्रँकल यांचे ‘मॅन्स सर्च फॉर मीनिंग’ घेतले. वरिष्ठांचा जाच चालू होता. “मामा, परिस्थिती नाही, दृष्टिकोन बदलायचा म्हणे. म्हणजे सोसायचंच ना?” तिने विचारले.

मग मीही ते वाचले. व्हिएन्नाचे हे मनोविकारतज्ज्ञ नाझी छळछावण्यांतून १९४५ मध्ये सुटले. आईवडील, भाऊ, पत्नी मात्र गेली. पुढच्याच वर्षी पुस्तक जर्मनमध्ये आले. छावणीचा भाग संयमी आणि म्हणूनच हलवून सोडणारा आहे. लोगोथेरपीचे विवेचन त्यामानाने त्रोटक वाटते. पण महत्त्वाचा इशारा तिथेच आहे: दुःख टाळता येत असेल तर त्याचे कारण दूर करावे, विनाकारण सोसण्यात पराक्रम नाही.

गप्पांत नेमके हेच गळते. तासाभरात दहा पुस्तके सुचवायची तर प्रत्येकाच्या वाट्याला एखादे सुवचनच येणार. पुस्तक वाईट नाही; त्याची ही ओळख अपुरी आहे.

त्या परिच्छेदाला पेन्सिलीने खूण करून मी पुस्तक परत दिले. आठवड्याने भाचीने तक्रारअर्ज लिहिला, कन्नडमध्ये.