रस्ता कोणासाठी? : जेकोबस टेनब्रुक यांचा एक निबंध

कायद्याच्या लेखनाकडे वाङ्मय म्हणून पाहण्याची आपल्याकडे प्रथा नाही. न्यायमूर्ती रानडे आणि न्यायमूर्ती तेलंग यांची नावे आपण आदराने घेतो, ती विचारवंत आणि ग्रंथकार म्हणून. त्यांचे निवाडे वाङ्मयप्रेमी वाचक उघडीत नाही. कायद्याने व्यवहार चालवावा आणि वाङ्मयाने मन रमवावे, अशी वाटणी आपण केव्हाच करून टाकली आहे. परंतु ज्या लेखनाने माणसाविषयीची आपली कल्पना पालटते, ते कोणत्याही खात्यात जमा झालेले असो, त्याचा विचार टीकाकाराने केला पाहिजे, असे आम्हांस वाटते. म्हणूनच कॅलिफोर्नियातील एका विधिविषयक नियतकालिकात १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधाची चर्चा येथे योजिली आहे. निबंधाचे नाव मराठीत 'जगात वावरण्याचा हक्क' असे सांगता येईल. विषय आहे अपकृत्यांच्या कायद्यातील अपंगांचे स्थान. एकाच्या निष्काळजीपणामुळे दुसऱ्यास इजा पोहोचली असता त्याला भरपाई मिळवून देणारा जो कायदा, तो अपकृत्यांचा कायदा होय.

निबंधाचे कर्ते जेकोबस टेनब्रुक १९११ मध्ये कॅनडातील अल्बर्टा प्रांतात जन्मले. सात वर्षांचे असताना खेळातील बाण लागून त्यांचा एक डोळा गेला; पुढे काही वर्षांत दुसऱ्याचीही दृष्टी गेली. मुलाच्या शिक्षणासाठी कुटुंबाने कॅलिफोर्निया गाठले. तेथील अंधशाळेत न्यूएल पेरी हे स्वतः अंध असलेले गणिताचे विद्वान शिक्षक त्यांना लाभले. पुढे बर्कलेच्या विद्यापीठातून कायद्याच्या पदव्या घेऊन १९४२ पासून ते तेथेच अध्यापक झाले. १९४० मध्ये अमेरिकेतील अंधांचा राष्ट्रीय संघ त्यांच्या पुढाकाराने स्थापन झाला होता. त्याचे अध्यक्षपद त्यांनी १९६१ पर्यंत आणि पुन्हा १९६६ पासून १९६८ मध्ये मृत्यू येईपर्यंत सांभाळले. न्यायालयात रोज उभे राहून अशिलाची बाजू मांडणारे वकील ते नव्हते. त्यांची वकिली लेखणीची आणि संघटनेची होती.

या वकिलीचा आवाका केवळ अंधांपुरता नव्हता, ही गोष्ट प्रस्तुत निबंध वाचताना ध्यानात ठेवली पाहिजे. अमेरिकेच्या राज्यघटनेतील चौदाव्या दुरुस्तीचे मूळ गुलामगिरीविरोधी चळवळीत कसे आहे, हे त्यांनी १९५१ च्या ग्रंथात दाखविले. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकन नागरिकांना घरांतून काढून छावण्यांत डांबण्यात आले, त्या प्रकरणाची झडती दोन सहकाऱ्यांसह लिहिलेल्या १९५४ च्या ग्रंथात त्यांनी घेतली. १९५५ मध्ये नागरिकाच्या मुक्त संचाराच्या हक्कावर त्यांनी एक पुस्तिका लिहिली. गुलाम, परवंशीय, दरिद्री आणि अंध अशा चौघांनाही कायदा एकाच रीतीने निराळा काढतो, हे ज्याने ओळखले, त्याच्या लेखणीतून हा निबंध उतरला आहे.

आपल्या देशाशीही या लेखणीचा एक धागा जुळलेला आहे. जोसेफ टसमन या तत्त्वज्ञ सहकाऱ्याबरोबर टेनब्रुक यांनी १९४९ मध्ये कायद्याच्या समान संरक्षणावर एक दीर्घ लेख लिहिला. कायदा माणसांचे वर्ग पाडतो तेव्हा कधी त्याचे जाळे हवे त्याहून लहान पडते, तर कधी हवे त्याहून मोठे पडते, ही त्यातील मांडणी. समान संरक्षणाचे तत्त्व आपल्या घटनेच्या १४ व्या अनुच्छेदातही आहे. म्हणूनच जुन्या मुंबई राज्याच्या १९५३ च्या कामगार कल्याण निधी कायद्यासंबंधीचा अंबिका मिल्सचा खटला १९७४ मध्ये निकालात निघाला, तेव्हा आपल्या सर्वोच्च न्यायालयाने या दोघांच्या विवेचनाचा आधार घेतला.

आता निबंधाकडे वळू. इंग्रजी परंपरेच्या कायद्यात एक काल्पनिक गृहस्थ वावरत असतात. त्यांना 'सुजाण मनुष्य' म्हणतात. हे गृहस्थ रस्ता ओलांडताना दोन्हीकडे पाहतात, खड्डा दिसला की वळसा घालतात, आणि कोणावर अपघाताचा दोष ठेवावा हे त्यांच्या वर्तनावरून ठरते. टेनब्रुक यांनी या सभ्य गृहस्थांची चौकशी आरंभिली आहे. यांना नेहमी दोन डोळे, दोन कान आणि दोन धड पाय का असतात, हा त्यांचा प्रश्न आहे. शेकडो निवाडे चाळून त्यांनी दाखविले, की अंधाला रस्त्यावर येण्याचा हक्क आहे हे तत्त्व न्यायालये मान्य करतात; मात्र त्यामागून अटी येतात. काठी होती का? सोबत कोणी होते का? या वाटेने जाण्याची गरज होती का? अशा अटींतून मूळ हक्क हळूहळू परत घेतला जातो.

या सर्वांमागे अपंगाकडे पाहण्याच्या दोन दृष्टी असल्याचे टेनब्रुक सांगतात. पहिली पालकत्वाची: अपंगाला जपावे, पोसावे, आणि त्यासाठी जगापासून थोडे दूर ठेवावे. दुसरी सहभागाची: जग त्याचेही आहे, तेव्हा जगाच्या व्यवहारात त्याला धरूनच चालावे. पहिल्या दृष्टीत दया भरपूर आहे, आणि तिचे दोष नजरेस येत नाहीत ते त्यामुळेच. निबंधातील सर्वांत मार्मिक विचार हा, की पुष्कळ वेळा अपंगाला त्याच्या शरीराची उणीव अडवीत नाही. त्या उणिवेविषयी इतरांनी बांधलेली समजूत त्याला अडविते.

या विचाराचे मर्म उमगण्यास इंग्लंडातील एक खटला शेजारी ठेवून पाहावा. हेली नावाचे अंध गृहस्थ लंडन शहराच्या नोकरीत टेलिफोनवर काम करीत. घरापासून बसच्या थांब्यापर्यंतची वाट ते पांढऱ्या काठीच्या आधाराने नित्य एकटे चालत. १९५६ मध्ये वीज मंडळाच्या मजुरांनी त्या वाटेवर चर खणला आणि जमीन चोपण्याचे लांब दांड्याचे धुम्मस त्यापुढे आडवे-तिरपे टेकवून ठेवले. डोळस माणसाला एवढी सूचना पुरेशी होती. हेलींची काठी दांड्याला लागलीच नाही. ते अडखळून पडले आणि त्या आघाताने त्यांची श्रवणशक्ती गेली. खालच्या दोन्ही न्यायालयांत ते हरले. शेवटी १९६४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला. लंडनमध्ये सुमारे ५०० माणसांत एक अंध आहे, हा आकडा तेथे पुढे आला होता. ज्या शहरात अंध माणसे नित्य एकटी चालतात, तेथे रस्ता खणणाऱ्याने ती येणार हे धरूनच बंदोबस्त केला पाहिजे, असा त्या निवाड्याचा मथितार्थ.

कचेरीच्या वाटेवर निघालेल्या एका नोकरदाराची ही हकीकत आपणां चाकरमान्यांना विशेष जवळची वाटावी. हेलींना कोणाचा कनवाळूपणा नको होता. ठरल्या वेळी कामावर पोहोचता यावे, एवढेच त्यांचे मागणे होते. 'रस्त्यावर येणारे लोक' या शब्दांत आपण कोणाला मोजतो, हा खरा वादाचा मुद्दा होता. आणि टेनब्रुक यांचा सारा निबंध म्हणजे या मोजणीची दुरुस्ती आहे.

लेखक म्हणून टेनब्रुक यांचा सर्वांत मोठा गुण संयम. अंधत्वाविषयी लिहिणारा अंध माणूस आपली कहाणी सांगेल, अशी वाचकाची अपेक्षा असते. येथे ती एका तळटीपेत आटोपली आहे. या पानांत अंध इतरांपेक्षा अधिक दिसत असतील, तर लेखक अंध आहे म्हणून ते घडले असे वाटेल. पण अंध मंडळी इतरांहून अधिक खटपटी आहेत हेच त्याचे कारण, अशा आशयाची ती मिश्कील टीप आहे. नंतर लेखक स्वतः बाजूला होतो आणि प्रश्न पुढे येतो. आमच्या कथा-नाटकांत आंधळा येतो तो बहुधा गाण्यासाठी, भीक मागण्यासाठी किंवा नायकाच्या अंतःकरणाचा कोमलपणा सिद्ध करण्यासाठी. तो कचेरीत जात नाही, भाडे भरीत नाही, कोणावर फिर्याद करीत नाही. फार कशाला, 'आंधळे दळते, कुत्रे पीठ खाते' ही म्हण घ्या. त्या म्हणीत काम करणारे जर कोणी असेल, तर ते आंधळे माणूसच आहे. तरी शतकानुशतके आपण हसतो त्यालाच. कुत्र्याला कोणी हाकलीत नाही!

निबंधात उणिवा नाहीत असे नाही. आधाराधारांचे ओझे एवढे आहे की कायद्याची सवय नसलेला वाचक मध्येच थकतो. याहून महत्त्वाची उणीव दृष्टिकोनाची. काठी घेऊन चालणाऱ्या अंधाला तयार रस्ता मोकळा मिळाला तरी पुष्कळ साधते. चाकाच्या खुर्चीतील माणसाला रस्ता नव्याने बांधून मिळावा लागतो. पहिल्यासाठी समजूत पालटावी लागते, दुसऱ्यासाठी खजिना उघडावा लागतो. अंधांची उदाहरणे अग्रभागी राहिल्यामुळे हा खर्चाचा प्रश्न निबंधात हवा तेवढा जाचत नाही. शिवाय भरपाईचा कायदा माणूस पडल्यानंतर धावून येतो. दोन न्यायालयांत हरून तिसऱ्यात जिंकण्याइतका दम प्रत्येकात कोठून असणार? आपल्याकडे तर पदपथावर पडलेला माणूस दावा लावीत नाही; कपडे झाडतो आणि नशिबाला बोल लावतो.

या आक्षेपांना काही अंशी उत्तर टेनब्रुक यांनीच देऊन ठेवले आहे. निबंधातच त्यांनी 'पांढऱ्या काठीच्या कायद्या'चा नमुना-मसुदा दिला आणि अमेरिकेतील अनेक राज्यांनी त्या धर्तीवर कायदे केले. हातात काठी नव्हती एवढ्यावरून अंध पादचाऱ्यास निष्काळजी ठरवू नये, असे त्यात म्हटले आहे. त्यातील सरकारी नोकरीविषयीचे कलम आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते. विशिष्ट अपंगत्वामुळे ते विशिष्ट काम होऊच शकत नाही असे दाखविले गेले तरच नकार द्यावा, एरवी इतरांच्याच अटींवर नोकरी द्यावी, असा त्याचा आशय. सिद्ध करण्याचा भार उमेदवाराच्या खांद्यावरून नाकारणाऱ्याच्या खांद्यावर गेला! एका वाक्याच्या रचनेत असा पालट घडविणे, हे शब्दसामर्थ्य नव्हे तर काय?

सरकारी टिप्पणी लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांनी याच कसोटीवर आपला इतिहास पाहावा. भारतातील अंधांचा राष्ट्रीय संघ १९७० मध्ये स्थापन झाला. ब्रेल लिपीत किंवा लेखनिकाच्या साह्याने नागरी सेवा परीक्षेला बसू द्यावे, एवढ्यासाठी त्याला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. निकाल १९९३ मध्ये लागला. १९९५ च्या कायद्याने ३ टक्के जागा राखून ठेवल्या. परंतु वरच्या दोन गटांत ही टक्केवारी एकूण रिक्त जागांवर न काढता, अपंगांसाठी 'योग्य' ठरविलेल्या पदांवरच काढली जात होती. आधी पद योग्य ठरावे, मग जागा मोजाव्यात. पालकत्वाची दृष्टी नियमाच्या भाषेत उतरली म्हणजे ती अशी दिसते! स्वतः अंध असलेले ज्येष्ठ वकील एस. के. रुंगटा यांनी संघाची बाजू मांडली आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिशेब एकूण रिक्त जागांवर करण्याचा आदेश दिला. २०१६ च्या नव्या कायद्याने प्रमाण ४ टक्के केले.

टेनब्रुक यांच्या निबंधाचा विषय मात्र नोकरीच्याही अलीकडचा आहे: घराचा उंबरा आणि कचेरीची पायरी यांमधील वाट. राजीव रतुरी या दृष्टिहीन गृहस्थांनी २००५ मध्ये केलेल्या अर्जावर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जो निकाल दिला, तो या वाटेविषयीचा आहे. कायदा 'केलेच पाहिजे' म्हणतो आणि त्याखालील २०१७ च्या नियमांतील १५ वा नियम केवळ शिफारशींची जंत्री पुढे करतो, ही विसंगती न्यायालयाने अवैध ठरविली आणि बंधनकारक नियम करण्यास केंद्र सरकारला तीन महिन्यांची मुदत दिली. 'करावे' आणि 'केलेच पाहिजे' यांतील अंतर आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. त्या अंतरात किती फायली विसावल्या आहेत हे आपण सारेच जाणतो.

शब्द बदलण्यात आपण मागे नाही. आंधळा गेला, अंध आला. अपंग गेला, विकलांग आला. आणि आता 'दिव्यांग' सरकारी कागदावर स्थिर झाला आहे. हेतू चांगला असेल. परंतु ज्याच्या पुढील पदपथ आहे तसाच राहिला, त्याला दिव्यत्व बहाल करून काय साधणार? टेनब्रुक यांनी अंधांसाठी नवा शब्द शोधला नाही. 'लोक', 'नागरिक', 'पादचारी' या जुन्याच शब्दांत त्यांना जागा मागितली. ती मागणी न्यायाधीशापुढे वर्षानुवर्षांनी येते. नियमाचा मसुदा, इमारतीचा नकाशा आणि पदाविषयीचा अभिप्राय लिहिणाऱ्या माणसापुढे रोज येते. त्या माणसाने लेखणी उचलण्यापूर्वी वाचावा, असा हा निबंध आहे.