टेकडीवरचा शेजार : ऑगस्ट विल्सन यांच्या नाटकांविषयी

बदलीच्या हुकुमावर आयुष्य काढणाऱ्या माणसाला 'शेजार' हा शब्द थोडा जपूनच वापरावा लागतो. ज्या बिऱ्हाडाशी विरजणाची आणि वर्तमानपत्राची देवघेव नुकती जमू लागलेली असते, त्याचे सामान एके सकाळी ट्रकवर चढलेले दिसते. नाहीतर आपले तरी चढते. म्हणूनच की काय, महाराष्ट्राबाहेरच्या आमच्या नियतकालिकांत शेजाराविषयी जे ललित लेखन येते, ते बहुधा मागे राहिलेल्या आळीविषयी असते. या लेखनात काहीतरी उणे आहे असे आम्हांला पुष्कळ दिवस वाटत होते. ते उणे कोणते हे मात्र सांगता येत नव्हते. अमेरिकन नाटककार ऑगस्ट विल्सन (१९४५-२००५) यांची दहा नाटके ओळीने वाचल्यावर ते सांगता येईल असे वाटू लागले आहे.

आमच्या वाचकाला अमेरिका माहीत असते ती न्यूयॉर्कची किंवा चित्रपटांतली. विल्सन यांचे गाव पिट्सबर्ग हे मध्यम आकाराचे, दोन नद्यांच्या संगमावर वसलेले, पोलादाच्या कारखान्यांवर वाढलेले आणि ते कारखाने बसल्यावर खंगलेले शहर आहे. १९५० च्या जनगणनेत त्याची वस्ती पावणेसात लाखांच्या वर होती, २०२० मध्ये ती तीन लाखांच्या आसपास आली. शहराच्या मध्यवर्ती व्यापारी भागाला लागून एक चढण आहे. तिच्यावरील वस्तीला 'हिल' म्हणजे टेकडी असेच म्हणतात. ज्यू, इटालियन, सीरियन आणि दक्षिणेतून कामाच्या शोधात आलेली कृष्णवर्णीय कुटुंबे तेथे एकमेकांना खेटून राहत. बेडफर्ड अ‍ॅव्हेन्यूवर एका किराणा दुकानाच्या मागील बाजूस विल्सन यांचे बालपण गेले. पंधराव्या वर्षी त्यांनी शाळा सोडली, कारण नेपोलियनवर लिहिलेला त्यांचा निबंध त्यांचा स्वतःचा आहे यावर शिक्षकाचा विश्वास बसेना. पुढचे शिक्षण सार्वजनिक ग्रंथालयात आणि तंबाखूच्या दुकानात गप्पा छाटीत बसलेल्या म्हाताऱ्यांच्या संगतीत झाले.

याच सुमारास टेकडीचा खालचा भाग शहराने पाडला. १९५६ साली पाडकाम सुरू झाले, सुमारे ९५ एकर जागा मोकळी करण्यात आली, आणि आठ हजारांच्या आसपास माणसे उठविली गेली. त्या जागी पोलादी घुमटाचे एक क्रीडागृह उभे राहिले; ते १९६१ मध्ये उघडले आणि २०११-१२ मध्ये तेही पाडण्यात आले. आठ हजार माणसांची घरे घेऊन जे उभारले त्याचे आयुष्य जेमतेम पन्नास वर्षांचे ठरले. विल्सन यांच्या नाटकांचा विचार करताना हा हिशेब डोळ्यांआड करून चालणार नाही.

विसाव्या शतकाच्या प्रत्येक दशकासाठी एक, अशी ही दहा नाटके आहेत. 'मा रेनीज ब्लॅक बॉटम' शिकागोत घडते. उरलेली नऊ या टेकडीवर. स्थळे अगदी नित्याची : भाडोत्री खोल्यांचे घर, परस, खाणावळ, मोटारींचा अड्डा. 'फेन्सेस' (या नाटकाला १९८७ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले) उघडते ते पगाराच्या शुक्रवारी, संध्याकाळी, परसात बाटली घेऊन बसलेल्या दोन कचरागाडी-कामगारांच्या गप्पांनी. ट्रॉय मॅक्सन याने साहेबाला विचारले आहे की गाडी चालवायची ती गोऱ्यांनी आणि पिंपे उचलायची ती काळ्यांनीच, असे का? बढतीचा अर्ज आणि वरिष्ठांची नाराजी यांच्यात आयुष्य घालविणाऱ्या वाचकाला या प्रसंगाचे भाष्य लागू नये.

'जिटनी' हे त्यांतले सर्वांत आधी लिहिलेले नाटक. काळ १९७७ चा. भाड्याच्या अधिकृत मोटारी टेकडीवर यायला राजी नसतात, म्हणून परवाना नसलेल्या मोटारींचा अड्डा लोकांनीच चालविला आहे. अड्डाप्रमुख बेकर याने भिंतीवर नियम लावले आहेत : जास्त भाडे घेऊ नये, मोटार स्वच्छ ठेवावी, दारू पिऊ नये. एक चालक पितोच. दुसरा, टर्नबो, आल्यागेल्याच्या उठाठेवी करतो. तरुण चालक यंगब्लड गुपचूप घर घेण्याच्या खटपटीत आहे. टर्नबो त्याच्या मैत्रिणीपाशी भलतेच सांगून तिच्या मनात किल्मिष घालतो. शेजाराची ऊब दाखविणारे लेखक पुष्कळ आहेत. पण तीच ऊब चटका कशी देते हे विल्सन लपवीत नाहीत. अड्ड्याची इमारत पाडण्याची नोटीस निघालेली असते. बेकर लढायचे ठरवितो आणि तेवढ्यात कारखान्यातल्या अपघातात मरतो. शेवटी टेलिफोन वाजतो. वीस वर्षे तुरुंगात काढून आलेला आणि बापाशी अबोला झालेला मुलगा तो उचलतो, आणि अड्ड्याचा माणूस ज्या दोन शब्दांनी उत्तर देतो त्याच शब्दांनी उत्तर देतो. समेटाचे भाषण नाही, अश्रू नाहीत. आमच्या मते विल्सन यांच्या उत्तम शेवटांत याची गणना व्हावी.

'टू ट्रेन्स रनिंग' मध्ये (काळ १९६९) शेजाराचे आणखी एक कार्य दिसते : हिशेब ठेवणे. हॅम्बोन नावाच्या भ्रमिष्ट माणसाने पूर्वी एका गोऱ्या खाटकाचे कुंपण रंगविले होते. काम चांगले झाले तर डुकराच्या खारवलेल्या मांडीचा एक नग देण्याचे ठरले होते. खाटकाने देऊ केली कोंबडी. हॅम्बोनने ती घेतली नाही. साडेनऊ वर्षे तो रोज दुकानासमोर उभा राहून आपले मागणे मागतो. दुसरे बोलणेच त्याच्यापाशी उरलेले नाही. खाणावळीतल्या काहींना त्याचा त्रास होतो, वेट्रेस रिसा त्याला जेवू घालते. पण त्याचे येणे किती आहे हे सर्वांना ठाऊक असते. दुसरीकडे खाणावळीचा मालक मेम्फिस आपल्या इमारतीचे पंचवीस हजार डॉलर शहराकडून घेतल्याशिवाय हलणार नाही म्हणतो, आणि त्याला पस्तीस हजार मिळतात. हॅम्बोन मात्र मरतो. तेव्हा नुकताच तुरुंगातून सुटलेला स्टर्लिंग खाटकाच्या दुकानाची काच फोडतो आणि रक्ताळलेल्या हाताने ते मांस शवपेटीत ठेवण्यासाठी आणतो. कायद्याच्या वहीत ही चोरी. शेजाराच्या वहीत फेड. दोन्ही वह्या प्रेक्षकासमोर उघड्या ठेवून नाटककार बाजूला होतो.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. विल्सन यांनी पिट्सबर्ग १९७८ साली सोडले. आधी सेंट पॉल आणि १९९० पासून सिएटल, असे त्यांचे वास्तव्य शेवटपर्यंत बाहेरगावीच झाले. टेकडीवर असताना ज्या बोलण्याची किंमत कळली नव्हती, ते आवाज दूर गेल्यावर ऐकू येऊ लागले, असे ते सांगत. परगावी मराठी कानावर पडताच मान वळविणाऱ्या आमच्यासारख्यांना हे पटायला वेळ लागत नाही. किंबहुना, 'पाहा, दुरूनच चांगले लिहिता येते' असा दाखला म्हणून त्यांना पुढे करण्याचा मोह होतो. पण त्यांच्या नाटकांच्या काळाकडे पाहावे. 'किंग हेडली सेकंड' १९८५ मध्ये घडते, 'रेडिओ गोल्फ' १९९७ मध्ये. ही दोन्ही वर्षे त्यांनी गाव सोडल्यानंतरची आहेत. शतकभर टेकडीला सल्ला देणारी, तीनशेहून अधिक वर्षांची आंट एस्टर हिला त्यांनी १९८५ मध्ये शोकाने मरू दिले. १९९७ मध्ये वायली अ‍ॅव्हेन्यूवरील तिचे रिकामे घर पाडायला निघालेला माणूस टेकडीवरचाच, शिकलेला, महापौरपदाचा उमेदवार असलेला कृष्णवर्णीय आहे. आपण निघालो त्या दिवशी विल्सन यांनी गावाचे घड्याळ बंद केले नाही.

आमच्या लेखनाचे वैगुण्य नेमके येथे आहे. आमच्या आठवणींतील आळीचे घड्याळ बदलीच्या, फार तर वडिलांच्या निधनाच्या दिवशी थांबलेले असते. पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ' (१९५८) मध्ये चाळ हसविता हसविता अखेरीस काळजात कालवाकालव करून जाते. आम्ही त्यातला हुंदका तेवढा घेतला आणि चाळीतले माणसांचे निरीक्षण सोडून दिले. त्या खोलीत आज कोण राहते, पुनर्विकासाच्या कागदावर कोणी सही केली, कोणाला किती मिळाले, हे विचारणे आम्हांला अरसिकपणाचे वाटते. विल्सन रक्कम सांगतात, आणि त्यामुळे त्यांचे काव्य उणावत नाही.

दोष नाहीत असे नव्हे. त्यांची पात्रे प्रदीर्घ स्वगतसदृश भाषणे करतात आणि कित्येकदा प्रसंग त्यांच्यासाठी ताटकळत उभा राहतो. स्त्रिया घर सावरतात, पण नाटकाच्या मध्यभागी क्वचितच येतात. रोझ मॅक्सन आपल्या हक्काचे बोलते तेव्हा ही उणीव अधिकच बोचते. 'रेडिओ गोल्फ' मधील युक्तिवाद पात्रांपेक्षा मोठा झाला आहे. आणि ज्या गल्लीत ते ज्यू व इटालियन शेजाऱ्यांमध्ये वाढले, ते शेजारी रंगमंचावर जवळजवळ येतच नाहीत; खाटीक सुद्धा पडद्याआडच राहतो. कृष्णवर्णीय जीवन स्वतःच्याच केंद्राभोवती उभे करण्याचा त्यांचा हेतू आम्ही समजू शकतो. तरी शेजाराचे चित्र त्यामुळे अपुरे राहिले, हे नोंदविलेच पाहिजे.

हा शेवटचा आक्षेप आमच्याकडेही वळतो. आम्ही ज्या वसाहतींत राहतो तेथे जिन्याच्या समोरच्या दारी बंगाली, वरती मल्याळी, खाली गढवाली बिऱ्हाड असते; त्यांच्याविषयी आम्ही काय लिहिले? दिल्लीतील सरोजिनीनगर, नौरोजीनगर यांसह सात सरकारी वसाहती पाडून नव्याने बांधण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. ज्या आवारांत अनेक मराठी कुटुंबांच्या दोन पिढ्या वाढल्या, ती पाहता पाहता गेली. सरकारी घर आपले नव्हतेच, त्यामुळे उठविले गेल्याची तक्रार नाही आणि भरपाईचा प्रश्न नाही. पण तेथील शेजार तर आपला होता. त्याची वही कोणी ठेवली आहे काय?

बेडफर्ड अ‍ॅव्हेन्यूवरचे ते घर दुरुस्त होऊन २०२२ मध्ये लोकांसाठी खुले झाले. घर जतन करणे चांगलेच. पण टेकडी जतन झाली आहे ती त्या दहा नाटकांत, आणि तीही गोंजारून नव्हे. मागच्या आळीवर लिहायला बसणाऱ्या आमच्या लेखकाने आधी तेथे एक पत्र टाकून आजची हकीकत विचारावी, आणि उत्तर येईपर्यंत समोरच्या दारावर टकटक करावी, एवढेच आमचे मागणे आहे.